सहीच्या आधी

पहाटे ५.१०

राखोलीत रात्रभर पाऊस होता. आता नुसत्या पागोळ्या. मामांच्या घरात दिवा लागलाय, गॅसवर चहाचं आधण आहे. दोन खोल्यांचं बिऱ्हाड, भाडं साडेपाच हजार, वीजबिल वेगळं. खिडकीतून सिल्वासाहून खानवेलकडे जाणारा रस्ता दिसतो. लवकर पाळीची माणसं छत्र्या धरून चालली आहेत.

मामा नौदलात होते. स्टोअरची शाखा. साधा खलाशी म्हणून भरती झाले आणि मास्टर चीफ पेटी ऑफिसर होऊन निवृत्त झाले. शेवटची वर्षं मालाडला, मार्वेच्या किनाऱ्यावरच्या आयएनएस हमलात काढली. नौदलाच्या जहाजांवर जो जो माणूस पुरवठ्याचं काम करतो, मग तो आचारी असो, स्ट्युअर्ड असो, रायटर असो की अधिकारी, तो तिथे शिकून जातो. मामा तिथे शिकवायला होते. आता ते राखोलीतल्या एका सूत कारखान्याचं स्टोअर सांभाळतात.

आतल्या खोलीत त्यांची भाची उठली आहे. चिपळूणची मुलगी, इंजिनिअर. एझिमलाच्या नौदल अकादमीतून सब लेफ्टनंट होऊन बाहेर पडली. शाखा मिळाली लॉजिस्टिक्स. थोड्याच दिवसांत तिला हमलात कोर्ससाठी हजर व्हायचंय. आईनं सांगितलं, जाण्याआधी मामाकडे राहून ये, काय विचारायचं ते विचारून घे.

गणवेशात समोर आली असती तर मामांनी तिला सलाम केला असता. इथे ती अंथरूण घडी करते आणि मामी तिच्या हातात कप देते.

“सहाला निघायचं,” मामा म्हणतात. “पावसाचं निमित्त चालत नाही.”

सकाळी ६.२५

कारखाना दोन किलोमीटरवर. शेअर रिक्षाला माणशी दहा रुपये. मामा चालत जातात. भाचीला ते पुलाकडच्या वाटेनं नेतात, थोडा वळसा पडतो तरी.

दमणगंगा भरून वाहतेय. वर मधुबन धरणाचे दरवाजे उघडलेले असावेत, पाणी लाल आहे. ही नदी नाशिककडच्या सह्याद्रीतून येते आणि दमणला समुद्राला मिळते. राखोलीत समुद्र नाही, पण हा नगर हवेलीचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला तो एका जहाजापायी. १७७२ साली मराठ्यांच्या आरमारानं पोर्तुगिजांचं सांताना नावाचं जहाज धरलं. भरपाईची बोलणी होत होत १७७९ साली तह झाला आणि १७८३ साली नगर हवेली पोर्तुगिजांच्या हाती लागली. ती परत यायला २ ऑगस्ट १९५४ उजाडावा लागला. मामांना हे सगळं तारखांसकट पाठ आहे.

“एका जहाजाची किंमत बघ,” ते म्हणतात. “एवढा मुलूख.”

भाची पुलाच्या कठड्यावरून खाली बघते. काही बोलत नाही.

सकाळी ७.५०

रात्रपाळी सुटतेय. बारा तासांची पाळी, आठ ते आठ. माणसांच्या केसांत, बाह्यांवर पांढरे तंतू. गेटवर सुरक्षारक्षक डबे उघडून बघतो. बाहेर चहाच्या टपरीवर गर्दी. कटिंग सात रुपये, वडापाव पंधरा. बोलणं हिंदीत, भोजपुरीत, ओडियात, मधूनच वारलीत.

कारखाना टेक्श्चरायझिंगचा. पॉलिस्टरचं कच्चं सूत बाहेरून येतं. यंत्रावर ते ताणतात, तापवतात, छोट्या छोट्या फिरत्या चकत्यांमधून पीळ देतात. मग ते कागदी नळ्यांवर गुंडाळलं जातं, खोक्यांत भरतं आणि सुरतेला, भिवंडीला मागांवर जातं. यंत्र दिवसरात्र चालतं. थांबलं तर सगळ्यांच्या नजरा आधी फिटरकडे जातात आणि लगेच स्टोअरकडे.

स्टोअर म्हणजे लांबट शेड, लोखंडी रॅक, एक जाळीचा दरवाजा. मामा कुलूप उघडण्याआधी त्यावरची लाखेची मोहोर बघतात. ही पद्धत त्यांनी इथे सुरू केली. आत ऑइलचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास. बेअरिंग, बेल्ट, चिनी मातीचे गाइड, पॉलियुरेथिनच्या चकत्या, ऑइलची पिंपं, टेप, स्ट्रेच फिल्म. प्रत्येक कप्प्याला दोरीनं बांधलेलं बिन कार्ड. आलं, गेलं, शिल्लक.

ते भाचीला निळा एप्रन देतात आणि एक पेन्सिल. पेन नाही.

“पेन सही करणाऱ्याकडं. तू अजून मोजणारी.”

सकाळी ८.४०

खोक्यांची गाडी आली. चलनावर बाराशे खोकी. पंचवीसचा एक गठ्ठा, म्हणजे अठ्ठेचाळीस गठ्ठे. ड्रायव्हरला घाई आहे. त्याला पुन्हा वापीला जाऊन दुसरा माल भरायचाय.

चार लोडर उतरवायला लागतात. गाडीमागे सहाशे रुपये, चौघांत वाटून दीडशे. दिवसाला तीन-चार गाड्या मिळाल्या तर बरं, नाही तर बसून. गठ्ठा पाठीवर घेताना ते डोक्यावर गोणपाट टाकतात, पट्टीची धार मानेला लागू नये म्हणून.

भाची दाराशी उभी राहून मोजते. प्रत्येक पाच गठ्ठ्यांना एक आडवी रेघ. अठ्ठेचाळीस भरले. ती मामांकडे बघून मान हलवते.

मामा उठतात. मोजत नाहीत. गठ्ठ्यांच्या चळतीत खालच्या बाजूनं हात घालतात. एक ओला. दुसऱ्या चळतीत, आणखी एक. ताडपत्री फाटकी होती. ओलं खोकं वाळलं तरी त्याचा जोर जातो. वर चार थर चढवले की खालचं बसतं आणि आतलं सूत चेपतं.

ड्रायव्हर म्हणतो, पन्नास खोक्यांसाठी काय एवढं, साफ सही द्या. मामा आवाज चढवत नाहीत. चलनाच्या दोन्ही प्रतींवर लिहितात: १,१५० चांगली, ५० भिजलेली, परत. मग सही. ड्रायव्हर शिव्या घालत भिजलेले दोन गठ्ठे पुन्हा गाडीत टाकतो. गाडी जाते.

“तू मोजलंस ते बरोबर होतं,” मामा सांगतात. “पण तू आकडा मोजलास. माल नाही मोजलास.”

हमलात ते अधिकाऱ्यांनाही हेच शिकवत. तिथे बोलताना ‘सर’ म्हणायचं, ‘मॅडम’ म्हणायचं आणि तांदळाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालायला लावायचा. वरचा तांदूळ सगळेच चांगला भरतात. तळचा बघायचा. पंचवीस वर्षांचा, नुकता खांद्यावर पट्टी आलेला अधिकारी पहिल्यांदा लाजतो. समोर ठेकेदार उभा असतो, मागे खलाशी बघत असतात. ती लाज मोडणं हाच धडा.

सकाळी १०.१५

मोजणीचा दिवस आहे. नौदलात याला मस्टर म्हणतात. माणसांचं मस्टर असतं तसं मालाचंही. जहाजावर एका अधिकाऱ्याची बदली झाली की दुसऱ्यानं कार्यभार घेताना सगळं पुन्हा मोजून घ्यायचं. वहीवर सही झाली की पुढचा जबाब त्याचा.

आज बेअरिंगचा रॅक. भाची खाली बसते, मामा स्टुलावर. ती क्रमांक वाचते, ते कार्ड वाचतात. बेअरिंग बोटाच्या पेरांएवढी, तेलकट कागदात. हात काळे होतात. एकेक कागद उलगडून आतला क्रमांक बघायचा, पुन्हा गुंडाळायचा. वरच्या वेष्टनावर भरवसा ठेवायचा नाही. पाऊण तासात तीन कप्पे होतात.

चौथ्या कप्प्यात कार्डावर अठ्ठेचाळीस. हातात सेहेचाळीस.

पुन्हा मोजतात. सेहेचाळीस. कप्प्याच्या मागे, रॅकच्या खाली, शेजारच्या कप्प्यात बघतात. नाही.

“दोनच आहेत,” भाची म्हणते. “तूट म्हणून दाखवता येईल ना?”

“येईल. पण तूट म्हणजे काय ते आधी सांग. हरवलं, चोरीला गेलं, चुकीचं लिहिलं, की वापरलं आणि लिहिलं नाही?”

“माहीत नाही.”

“मग दाखवणार काय?”

मामा कार्डावर काहीच लिहीत नाहीत. एका चिठ्ठीवर ‘४६, मोजणी १०.४०’ लिहून ती कप्प्याला चिकटवतात. रात्रपाळीच्या फिटरला फोन लावतात. बंद. तो आता झोपला असणार. बारा तास उभा राहिलेला माणूस, त्याला उठवत नाहीत.

सकाळी ११.३०

लोडर बसलेत, गाडी नाही. मामा एक फाटकं खोकं उलटं करतात आणि मार्करनं त्यावर लिहितात: १६००.

आयएनएस विक्रमादित्य. २०१३ साली रशियात नौदलात दाखल झालं, कारवारच्या तळावर असतं. जहाजावर सोळाशेच्या वर माणूस. महिन्याला लागतात सुमारे एक लाख अंडी, वीस हजार लिटर दूध, सोळा टन तांदूळ. हे आकडे सरकारनंच जाहीर केलेले आहेत.

“भाग,” मामा म्हणतात.

भाची खिशातला फोन काढते. ते फोन बाजूला ठेवतात. ती पुठ्ठ्यावरच भागाकार करते. अंडी माणशी साडेबासष्ट, म्हणजे दिवसाला दोन. दूध साडेबारा लिटर, दिवसाला चारशे मिलिलिटरच्या थोडं वर. तांदूळ दहा किलो, दिवसाला तीनशे तेहतीस ग्रॅम.

“आता सांग, लाख अंडी हा आकडा मोठा आहे का?”

“माणशी दोनच.”

“हां. लोकांना लाख ऐकून गंमत वाटते. तुला दोन दिसायला हवीत. एका पोराच्या ताटातली दोन. सकाळी एकच मिळालं तर तो विचारणार, दुसरं कुठं गेलं.”

मग उलट. पूर्ण भरून निघालं तर हे जहाज पंचेचाळीस दिवस समुद्रात राहू शकतं. म्हणजे तांदूळ किती? ती लिहिते, चोवीस टन. पन्नास किलोच्या पोत्यात? चारशे ऐंशी पोती. लोडर आता कान देऊन ऐकतायत. त्यांतला एक, वयानं सगळ्यांत मोठा, हिंदीत विचारतो, “ये बोरी ऊपर चढाता कौन है?”

प्रश्न बरोबर माणसानं विचारला. मामांचा चेहरा खुलतो. ते उभं राहून दाखवतात. धक्क्यावर ट्रक. ट्रकपासून गँगवेपर्यंत, तिथून डेकवर, डेकवरून उभ्या लोखंडी शिडीनं खाली भांडारापर्यंत माणसांची रांग. पोतं हातातून हातात. क्रेन डेकपर्यंत पोचते, पण खालची अरुंद दारं आणि शिड्या माणसांनाच पार करायच्या. अशा रांगेत सगळ्या शाखांची पोरं असतात, तोफखान्याची, इंजिनची, सिग्नलची. आपापलं काम सोडून आलेली, म्हणून कुरकुरत असतात. पुरवठ्याच्या अधिकाऱ्यानं त्या रांगेत कुठे उभं राहायचं?

“सुरुवातीला?” भाची म्हणते. “ट्रकपाशी?”

“शेवटाला. भांडारात. पोतं कुठं ठेवायचं ते तिथं ठरतं. आधी लागणारं पुढं, मागाहून लागणारं मागं. आणि चारी बाजूंनी बांधून. वादळात दोन टन तांदूळ एका अंगाला सरकला तर काय होईल ते इंजिनिअर बाईंनी सांगावं.”

ती सांगते. लोडर माना हलवतात.

दुपारी १.००

जेवण. मामीनं दिलेले डबे. भाकरी, वालाची उसळ, कांदा. शेजारी लोडरांचा भात आणि पातळ डाळ. एकाच लाकडी पॅलेटवर बसून सगळे जेवतात.

मामा लोडराच्या ताटातल्या डाळीकडे बघून बोलायला लागतात. १८ फेब्रुवारी १९४६. मुंबईत कुलाब्याला एचएमआयएस तलवार. जहाज नव्हे, सिग्नल शिकवणारं किनाऱ्यावरचं ठाणं. तिथल्या हिंदी खलाशांनी सकाळचं जेवण नाकारलं. कारणं पुष्कळ होती. पगारातला भेदभाव, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, देशभरचं वातावरण. पण ठिणगी पडली ती निकृष्ट अन्नावरून. पाहता पाहता उठाव मुंबई बंदरातल्या जहाजांवर गेला, कराचीला पोचला. वीसेक हजार खलाशी त्यात उतरले. गिरण्या बंद पडल्या, रस्त्यावर गोळ्या चालल्या, मुंबईत शेकड्यांनी माणसं मेली.

“ती डाळ कुणीतरी विकत घेतली असणार,” मामा म्हणतात. “कुणीतरी पोतं मोजून आत घेतलं. कागदावर कुणाची तरी सही असणार.”

माझ्या मते त्या उठावाचा इतिहास सांगताना ही सही कुणी शोधत नाही. आपण पुढारी शोधतो, ठराव शोधतो. पण जेवण मिळवून देणारा माणूस त्या सगळ्याच्या आधी असतो आणि त्याचं काम बिघडल्याशिवाय तो कुणाला दिसत नाही.

भाची भाकरी मोडता मोडता थांबते. “कोर्समध्ये हे शिकवतात?”

“मी सांगायचो. पुस्तकात असो नसो.”

दुपारी २.१५

पाऊस जोरात. शेडच्या एका कोपऱ्यात गळतंय. मामा, भाची आणि दोन लोडर मिळून कागदी नळ्यांची चळत हलवतात. हायड्रॉलिक ट्रॉली पॅलेटखाली घालायची, दांडा पाच-सहा वेळा दाबायचा, पॅलेट उचललं की ओढायचं. वजन साधारण चारशे किलो. चाकाखाली एक खिळा आला तरी ट्रॉली अडते. भाचीला पहिल्या खेपेला ती वळवता येत नाही. दुसऱ्या खेपेला जमते.

जुना माल पुढे, नवा मागे. भिंतीपासून एक वीत सोडून. जमिनीवर काही टेकवायचं नाही. हे नियम सुताच्या कारखान्यालाही तेच आणि जहाजालाही तेच. फरक एवढाच की इथे नळ्या संपल्या तर संध्याकाळपर्यंत सिल्वासाहून गाडी येते.

समुद्रात गाडी येत नाही. टँकर येतो, आणि तोही आधी ठरवून.

दुपारी ३.३०

चहा. मामा दोन रॅकमधल्या वाटेत सुताचा एक धागा ताणतात. एक टोक भाचीच्या हातात, दुसरं त्यांच्या.

“चाल. मी चालतो तशी. माझ्या बरोबरीनं.”

दोघं समांतर वाटांनी चालायला लागतात. धागा मध्ये ताणलेला. मामा मुद्दाम पाऊल लांब टाकतात. धागा तुटतो.

“आता समज, हा धागा म्हणजे तेलाचा पाइप.”

ताफ्याला तेल, पाणी, सामान देणारी जहाजं असतात. ज्योती १९९६ सालचं, रशियात बांधलेलं. दीपक आणि शक्ती इटलीत बांधलेली, दोन्ही २०११ साली दाखल झाली. युद्धनौका अशा जहाजाच्या कुशीला येते. मध्ये साधारण तीस ते पन्नास मीटरांचं अंतर. दोघांचा वेग एक, दिशा एक. एका जहाजावरून बंदुकीनं बारीक दोर पलीकडे सोडतात. त्याला जाड दोर, त्याला आणखी जाड, मग तेलाचा पाइप. दुसरीकडे जॅकस्टेवरून, म्हणजे दोन जहाजांमध्ये ताणलेल्या दोरावरून, पिशव्या, पेट्या जातात, प्रसंगी माणूसही. मधलं पाणी दोन्ही जहाजांच्या अंगांमध्ये कोंडून उसळत असतं. दोन्ही सुकाणूंवर नजर न हलवता उभी राहिलेली माणसं. हे तासन्‌तास चालतं, कधी रात्रीही.

“यात लॉजिस्टिक्स ऑफिसर काय करतो?” भाची विचारते.

“त्या वेळी? फारसं काही नाही. त्याचं काम चार दिवस आधी झालेलं असतं. काय हवं ती यादी. कांदा लिहायचा राहिला तर दोर टाकून कांदा मागता येत नाही.”

ती धाग्याला गाठ मारते. पुन्हा चालतात. या खेपेला तुटत नाही. तिसऱ्यांदा तिनं वेग ठरवायचा आणि मामांनी तिला धरून चालायचं. लोडर हात थांबवून बघतायत.

धागा गुंडाळता गुंडाळता मामा दिलना के. यांचं नाव काढतात. लेफ्टनंट कमांडर, लॉजिस्टिक्सच्याच. २ ऑक्टोबर २०२४ला त्या रूपा ए. यांच्यासोबत गोव्याहून तारिणी या शिडाच्या बोटीतून निघाल्या आणि जगाला वळसा घालून २९ मे २०२५ला गोव्यालाच परत आल्या. दोघीच. बोट छप्पन्न फुटी. वाटेत मोजकी बंदरं. वैद्यकीय शाखा सोडली तर नौदलानं बायकांना अधिकारी म्हणून घ्यायला १९९२ साली सुरुवात केली, आणि तेव्हा उघडलेल्या मोजक्या शाखांत पुरवठ्याची एक होती.

“त्यांना भेटायचंय मला,” भाची म्हणते.

“भेटशील. आधी बेअरिंग शोध.”

संध्याकाळी ५.०५

तीन नंबरचं यंत्र थांबलं. बेल्ट तुटला. सुपरवायझर स्वतः धावत येतो. त्याला बेल्ट हवाय, आत्ता, स्लिप नंतर देतो म्हणतो.

मामा बेल्ट काउंटरवर ठेवतात. त्यावर हात ठेवतात. दुसऱ्या हातानं स्लिपबुक पुढे सरकवतात. यंत्र नंबर, वस्तू, नग, वेळ, सही. सुपरवायझर फणकाऱ्यानं लिहितो. वीस सेकंद लागतात. बेल्ट घेऊन पळतो.

भाचीचा चेहरा जरा उतरलाय. “मामा, जहाजावर कॅप्टननं मागितलं तर? लढाई चालू असली तर?”

“तर आधी द्यायचं. हातातलं सोडून द्यायचं, गोळी, औषध, तांदूळ, काय मागेल ते. आणि दुसऱ्या हातानं घड्याळ बघून वहीत लिहायचं. दिलं हे महत्त्वाचंच. पण उरलं किती हे कॅप्टनला अर्ध्या तासानं विचारावं लागणार. तेव्हा तू ‘बघून सांगते’ म्हणालीस तर तू तिथं कशाला आहेस?”

“इथं तुम्ही आधी लिहून घेतलंत.”

“इथं लढाई नाही. इथं सवय आहे. ती अशा दिवशी लावायची.”

मला हे त्यांचं सगळ्यांत मोलाचं बोलणं वाटलं. अधिकाऱ्याचं शिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नकाशे, तोफा, सलामी येते. स्लिपबुक येत नाही.

संध्याकाळी ६.३०

दिवसपाळी अजून दीड तास आहे, पण स्टोअरचं कागदी काम उरकलं. मामा हिशेब लिहितात. आज आलेल्या गाड्या दोन. लोडरांचे पैसे उद्या मिळतील. ठेकेदार हजेरीचे चारशेच्या पुढेमागे देतो, गाडीचे वेगळे. मामांचा पगार बत्तीस हजार, पेन्शन वेगळं. पगारातले आठ हजार धाकट्या मुलाच्या फीला जातात.

भाचीला हमलाची माहिती हवी आहे. मामा सांगतात. मालाड स्टेशनला पश्चिमेला उतरायचं. मार्वेला २७२ नंबरची बस जाते. ऑफिसर असलीस तरी एकदा बसनं जा, वाट कळते. दुसऱ्या महायुद्धात हमला हे सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटींच्या प्रशिक्षणाचं ठाणं होतं. पुढे पुरवठ्याची शाळा झाली. तेव्हा या शाखेचं नाव सप्लाय अँड सेक्रेटेरियट होतं. म्हणजे मालही आणि कागदही. आता लॉजिस्टिक्स म्हणतात. काम तेच. सुटे भाग, शिधा, कपडे, पगार, पत्रव्यवहार, मुदपाकखाना.

घाटकोपरला मटेरियल ऑर्गनायझेशन. नौदलाच्या पश्चिमेकडच्या जहाजांचं मोठं भांडार. तिथून ट्रक निघतात आणि डॉकयार्डात शिरतात. मामा सांगतात, “संगणकावर स्टॉक दाखवतो. पण तो कुणीतरी हातानं भरलेला आकडा असतो हे विसरू नको. घाटकोपरला गेलीस की तिथल्या जुन्या माणसांशी बोल. कुठल्या रॅकवर काय आहे ते त्यांना डोळे मिटून सांगता येतं. त्यांना ‘अहो-जाहो’ कर.”

“आणि मुदपाकखान्यात?”

“तिथं सगळ्यांत आधी जा. रोज. चाखून बघ. विक्रांतवर तासाला तीन हजार चपात्या करणारं यंत्र आहे म्हणतात. असू दे. पहिली चपाती तू मोडून बघायची.”

ती वहीत लिहिते. पेन्सिलनं.

बाहेर टपरीवर तिचा सामानाचा हिशेबही होतो. पांढरे कॅनव्हासचे बूट, पॉलिश, इस्त्रीचं छोटं टेबल, कुलपं दोन. मामा म्हणतात, कुलपं तीन घे. पितळी घे, मार्वेच्या खाऱ्या हवेत लोखंडी महिन्यात गंजतात. सिल्वासात पितळी कुलूप दीडशेला मिळतं.

रात्री ८.०५

रात्रपाळीचा फिटर आला. पंचवीस-सव्वीसचा, ओडिशाचा. रेनकोट निथळतोय. मामा त्याला काउंटरवर बोलावतात. रागावत नाहीत. फक्त कप्प्यावरची चिठ्ठी दाखवतात. सेहेचाळीस.

तो कपाळावर हात मारतो. पहाटे तीन वाजता पाच नंबरचं यंत्र अडकलं. स्टोअर बंद. नियमाप्रमाणे गेटवरून किल्ली घेतली, सुरक्षारक्षकासमोर मोहोर तोडली, बेअरिंगची जोडी काढली. नवी मोहोर लावली. गेटच्या वहीत किल्लीची नोंद आहे. स्लिप मात्र राहिली. यंत्र सुरू करण्याच्या घाईत.

भाची गेटवर जाऊन वही बघून येते. ३.१० ला किल्ली बाहेर, ३.२५ ला परत. बरोबर. ती परत येताना जवळजवळ पळत येते.

“म्हणजे हरवलं नव्हतं!”

“आणि सकाळी तू तूट दाखवणार होतीस,” मामा म्हणतात. “पुढच्या वर्षी जास्तीची मागणी गेली असती. फिटरवर संशय राहिला असता. जुनं बेअरिंग कुठाय रे?”

फिटर खिशातून कागदात गुंडाळलेली दोन झिजलेली बेअरिंगं काढतो. रात्रीपासून खिशातच होती. मामा ती हातात घेऊन फिरवून बघतात, कानाशी धरतात, मग भाचीच्या तळहातावर ठेवतात. एक खरखरतं, एक अडतं. तेलातला माल तीन महिन्यांत एवढा झिजायला नको. दुसऱ्या कंपनीची मागवायची का, हे उद्या सुपरवायझरशी बोलावं लागेल. ती ‘तीन महिने’ असं लिहून त्याखाली रेघ मारते.

स्लिप आता बनते. फिटर वेळ लिहायला लागतो, ८.१०. मामा त्याचं मनगट धरतात.

“पहाटे ३.१०. घेतलंस तेव्हाची वेळ.”

तो खोडून पुन्हा लिहितो. खोडलेल्यावर छोटी सही करतो. मामा कार्डावर उतरवतात: गेले २, शिल्लक ४६. भाची कप्प्यावरची चिठ्ठी काढते, एकदा शेवटचं मोजते आणि मान हलवते.

आतून आवाज येतो. पाच नंबर पुन्हा खडखडायला लागलंय. फिटर ऐकतो, तोंड वाकडं करतो आणि काउंटरवर हात पसरतो. आणखी एक जोडी लागणार.

या खेपेला स्लिपबुक भाची पुढे सरकवते.